गुरुवारची सफर

भिकाजीची बायको दर गुरुवारी दुपारी तीन वाजता परदेशी जायची, आणि ही गोष्ट अख्ख्या गावाला ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती एकट्या भिकाजीला.

तसा त्याचा दोष म्हणावा तर नाही. माणूस छत्तीस वर्षं मुंबईत. शिवडीला एका गोदामात औषधांच्या पेट्या बांधायचा. गणपतीला आठ दिवस, शिमग्याला चार, मे महिन्यात रजा मिळालीच तर दहा-बारा, एवढाच काय तो गावाला, आणि तेवढे दिवस जनी घर सोडायची नाही. पाहुण्यालासुद्धा घरातलं याहून जास्त कळतं. गेल्या शिमग्याला नोकरी संपली नि ट्रंक-वळकटी घेऊन तो कायमचा आला, तेव्हा पाखाडीच्या पायऱ्यांवर जो भेटेल त्याला सांगत सुटला, की झालं बाबा, आता इथून हलायचं नाही. त्याच्या डोक्यात एकच होतं. पडवीत आपण बसायचं, समोर जनीनं बसायचं, आणि राहिलेलं आयुष्य असंच काढायचं. जनीला बसायला वेळ आहे का, हे विचारायचं काही त्याला सुचलं नाही.

वेळ होता तिला. फक्त गुरुवारी नव्हता.

गुरुवारी जेवणं आटोपली की जनी भांडी घासून घ्यायची, धुतलेली साडी नेसायची, मूठभर भाजलेल्या फणसाच्या आठळ्या पदराला बांधायची आणि पाखाडी चढून वरच्या वाडीला जायची, ती परत दिवेलागणीला. भिकाजीला वाटलं, बचत गट असेल. हल्ली बायकांचे गट असतात, त्यांच्या मीटिंगा असतात, आपण पुरुषानं त्यात कशाला नाक खुपसायचं. उलट टपरीवर चहा पिताना त्यानं मोठेपणानं सांगूनही टाकलं, की आमची जनी गटात भारी हुशार.

टपरी धाकूची, एस्टीच्या थांब्यावरची. धाकूच्या जिभेला हाड नाही. त्यानं हातातली गाळणी खाली ठेवली आणि चार माणसांदेखत विचारलं, "भिकाजीदा, वहिनी लिस्बनहून आल्या काय? का अजून वादळातच अडकल्यात?"

चारही माणसं हसली. भिकाजीही हसला, कारण काय चाललंय ते कळलं नाही की हसून घ्यावं, एवढं मुंबईनं त्याला शिकवलं होतं. मग धाकूनंच खुलासा केला. पोस्टमास्तरांच्या घरी एक जुनापुराणा खेळ आहे. पटावर सोंगट्या टाकत ही मंडळी जगभर फिरतात. स्वतः मास्तर, कमळाकाकी आणि जनीवहिनी. वीस-बावीस वर्षं झाली, वहिनींचं सगळं जग बघून झालंय. आणि दादा, तुम्हाला ठाऊक नाही? हे शेवटचं मात्र वर्मी बसलं. चहा अर्धा टाकून भिकाजी उठला.

आता हा पोस्टमास्तर म्हणजे गुरुप्रसाद. मूळचा केळशीचा. तरुणपणी इथल्या पोस्टात लागला नि इथलाच होऊन राहिला. पोस्ट त्याच्या घराच्या ओटीवरच होतं. बायको जाऊन पंचवीस वर्षं झाली. वय अडुसष्ट, पण पाठ ताठ, कपडे इस्त्रीचे आणि आवाज असा, की पेपर वाचून दाखवला तरी लोकांनी ऐकत बसावं. विधुर, ताठ आणि इस्त्री. हे तीन शब्द भिकाजी घरी पोचेपर्यंत चघळत होता.

घरी येऊन त्यानं सरळ काही विचारलं नाही. सरळ विचारायला छाती लागते. जनी तांदूळ निवडत बसली होती. तो पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभा राहिला आणि हवेत विचारल्यासारखं म्हणाला, लिस्बन कुठंसं आलं गो?

पोर्तुगालात, जनी मान वर न करता म्हणाली. नदीच्या तोंडाशी आहे. बोटीतून उतरायची शिडी फार निसरडी, काकीचा पाय मुरगळता मुरगळता राहिला. एवढं सांगून तिनं सुपातला खडा वेचून बाहेर टाकला. दचकणं नाही, लपवणं नाही, काही नाही. लपवलं असतं तर निदान ओरडायला तरी जागा मिळाली असती. भिकाजीच्या अंगाचा तिळपापड झाला आणि तो तसाच तांब्या घेऊन पडवीत जाऊन बसला.

मग तिनंच त्याला सगळं सांगितलं, आणि तेही हौसेनं. पट आहे मास्तरांच्या आजोबांचा. इंग्रजी अमदानीत केळशीच्या शाळेत परीक्षेला पहिला नंबर आला म्हणून त्यांना तो बक्षीस मिळालेला. जाड कागद, मागून कापड डकवलेलं, घड्यांवर विरलेला. वर छापलंय 'पृथ्वीची सफर'. चौऱ्यांशी घरं. मुंबई बंदरातून आगबोटीनं निघायचं, एडन, सुवेझ करत विलायतेला, तिथून अमेरिका, तिथून जपान, सिंगापूर, कोलंबो आणि परत मुंबई. फासा नाही. फासा म्हणजे जुगार, आणि शाळेच्या बक्षिसात जुगार कसा चालायचा? म्हणून सहा कडांची लाकडी भिंगरी, एकेका कडेवर एकेक आकडा. ती फिरवायची आणि पडेल त्या कडेचा आकडा घ्यायचा. मुलांना बसल्या जागी भूगोल यावा म्हणून कुणी शहाण्यानं काढलेला खेळ.

पण त्यातली खरी गंमत नियमात होती, नि तो नियम जनीला पाठ होता. 'ज्या नगरीं सोंगटी उतरेल तेथें एक डाव थांबून नगर पाहावें, व पाहिलेलें सोबत्यांस सांगावें.' पटावर छापलेल्या असतात दोन ओळी. एडन, येथें कोळसा भरितात. बस, एवढंच. पुढचं आपण आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि सांगायचं. मास्तरांनी वाचलेलं असायचं, ते वाचलेलं सांगायचे. काकी आणि जनी बघितलेलं सांगायच्या. त्यामुळे कधी कधी एका दुपारी एकच गाव व्हायचं, आणि पृथ्वीची एक फेरी पुरी व्हायला वर्ष लागायचं.

भिकाजीनं विचारलं, हे सुरू कसं झालं. म्हणजे त्याला विचारायचं होतं, कुणी सुरू केलं.

तुमच्यामुळे, जनी म्हणाली. टपालाची थैली खेडहून यायची सोमवारी नि गुरुवारी, तीनच्या एस्टीनं. सोमवारी शेताची गडबड, म्हणून मी गुरुवारी जायचे तुमचं पत्र आलंय का बघायला. एस्टी कधी चारला यायची, कधी पाचला. कमळाकाकीपण लेकाच्या पत्रासाठी बसलेली असायची. मास्तर म्हणाले, नुसत्या बसून काय करता, आणि पट काढला.

हे ऐकून दुसरा कुणी विरघळला असता. भिकाजी विरघळला नाही. त्याच्या मनात आलं, पत्रं बंद होऊन पंधरा वर्षं झाली. फोन आले. थैली आता येते की नाही हे कुणी बघतसुद्धा नाही. मग आता ही तिथं कुणाची वाट बघत बसते?

ती पत्रं कसली असायची, तेही सांगायला हवं. काळाचौकीला त्यांची गावकीची खोली होती. एका गावची चाळीसेक माणसं एका खोलीत राहायची, कुणी दिवसपाळीचा, कुणी रातपाळीचा. एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा निजायचा. बायकामाणसाला तिथं थारा नाही. बायकोला मुंबई दाखवायची म्हटलं तरी निजवायची कुठं? म्हणून जनी मुंबईला कधी गेलीच नाही. आणि पत्रं म्हणाल, तर रविवारी सकाळी बाबल्या नावाचा एक गाववाला सगळ्यांची पत्रं लिहायचा, कारण अक्षर त्याचं बरं. मजकूर एकच, तोही घरातल्या वडीलधाऱ्याच्या नावानं. 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. मी येथे खुशाल आहे. तुमची खुशाली कळवणे. बाकी मंडळींस यथायोग्य.' चाळीस घरांना चाळीस पत्रं, खाली नाव तेवढं वेगळं. एकदा कुणीतरी बायकोसाठी म्हणून वेगळी ओळ घालायला सांगितली, तर अख्ख्या खोलीनं त्याला गणपतीपर्यंत पिडलं. त्यानंतर कुणाची हिंमत झाली नाही. भिकाजीला लिहिता येत होतं. पण खोलीत आपण एकट्यानंच कागद घेऊन कोपऱ्यात बसायचं, म्हणजे उद्या आपलीच पाळी. जनी गणपतीला विचारायची, तिकडं काय काय आहे ते कळवा की. तो म्हणायचा, कळवतो. पुढच्या गणपतीला ती पुन्हा विचारायची.

असो. तर या माणसाच्या पोटात आता दुखायला लागलं. दुसऱ्याची बायको पळून गेली तर गाव चार दिवस बोलतं नि विसरतं. याची बायको दर गुरुवारी जाऊन दिवेलागणीला परत येत होती, कुळथाची पिठी करत होती, भाकरी वाढत होती. बोलायचं काय? रविवारी नवऱ्याचे पाय चेपून देणारी बाई, आणि गुरुवारी ती दुसऱ्याबरोबर पॅरिसला. बरं, तिच्यात खोट काढावी तर तिथं कमळाकाकी बसलेली, सत्तरीची, तीही अर्धा वेळ डुलक्या घेत. या कमळाकाकीचाच त्याला जास्त राग आला. डुलक्या कशाला घ्यायच्या?

पहिल्या गुरुवारी त्यानं जनीचा चष्मा तांदळाच्या डब्यात लपवला. चष्मा नाही म्हणजे पट वाचता येणार नाही, म्हणजे जाणार नाही. ती गेली. आल्यावर म्हणाली, आज मास्तरांनी मला सगळं वाचून दाखवलं. दुसऱ्या गुरुवारी त्यानं नारळ पाडायला माणूस बोलावला, म्हणजे नारळ वेचायला जनीला थांबावं लागेल. जनीनं त्या माणसाला परस्पर निरोप धाडून सकाळीच बोलावून घेतलं आणि दुपारपर्यंत नारळ वेचून मोकळी झाली. तिसऱ्या गुरुवारी त्याच्या पोटात कळा आल्या. तिनं ओव्याचं पाणी करून दिलं, कपाळावर हात ठेवून बघितलं, हे काही विशेष नाही म्हणाली, आणि गेली. पडवीत पडल्या पडल्या भिकाजीला वाटलं, या बाईला काही लाज?

मग त्यानं फोनचा उपाय केला. मुलगी तेजस्वी खेडला दिलेली. तिनं त्याला मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला होता. भिकाजी मुद्दाम खेडला जाऊन तिच्याकडून शिकून आला, गाव कसं शोधायचं, फिरतं चित्र कसं लावायचं. बुधवारी संध्याकाळी त्यानं जनीला शेजारी बसवलं. पटावर ज्याचं नाव कॉन्स्टांटिनोपल छापलंय ते आताचं इस्तंबूल, हे त्यानं आधीच विचारून ठेवलं होतं. घे बघ म्हणाला, हे खरं इस्तंबूल. मशिदी, पूल, पाण्यातून चाललेल्या बोटी, सगळं जिवंत. तुमच्या त्या फाटक्या कागदावर हे असतं काय?

जनीनं चांगलं लक्ष देऊन बघितलं, अगदी शेवटपर्यंत. मग म्हणाली, छान आहे. आम्ही गेलो तेव्हा एवढी गर्दी नव्हती.

आणि थोड्या वेळानं, आपल्याशीच बोलल्यासारखी, इथंच कुठंतरी तांबटांच्या गल्लीत काकीची चप्पल तुटली होती, मास्तरांनी सुतळीनं बांधून दिली. भिकाजीनं फोन उलटा करून ठेवला. इस्तंबूल त्याच्या हातात होतं, पण तांबटांची ती गल्ली त्यात नव्हती, सुतळी नव्हती, आणि तो स्वतः तर कुठंच नव्हता. त्या रात्री तो जेवला नाही असं नाही, पण भाकरी एकच खाल्ली.

शेवटी कार्तिकातल्या एका बुधवारी त्यानं तोंड उघडलं. भात झोडून झालं होतं, घरात काही घाई नव्हती. उद्या जायचं नाही, तो म्हणाला. बास झालं. गाव हसतंय.

जनीनं हातातलं काम ठेवलं. "छत्तीस वर्षं तुम्ही जात होतात," ती म्हणाली, "मी कधी म्हटलं, जाऊ नका?"

तो पोटापाण्यासाठी जात होता, हे तो म्हणाला. ती म्हणाली, मग मी कशासाठी जाते असं वाटतं तुम्हाला? यावर भिकाजीकडे उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. ती पुढं साध्या आवाजात म्हणाली, की गेल्या गुरुवारी फेरी पुरी झाली. उद्या नवी सफर, मुंबईपासून. मी जाणार. हवं तर तुम्ही पण चला.

जातोच, भिकाजी मनात म्हणाला. आणि त्या इस्त्रीवाल्याला चार शब्द सुनावतो, काकीच्या देखत.

गुरुवारी त्यानं तांब्यात निखारे घालून तो सदऱ्यावर फिरवून घेतला. इस्त्रीत आपण कमी नाही, हे आधी दिसायला हवं होतं. पाखाडी चढताना त्यानं वाक्य जुळवलं. मास्तर, तुम्ही वडीलधारे, पण दुसऱ्याच्या घरातल्या माणसाला असं... पुढचं वरच्या पायरीवर सुचेल म्हणाला. वरची पायरी आली, सुचलं नाही. आणि दारात मास्तर स्वतःच उभे होते, हातात पाण्याचा पेला घेऊन.

"या भिकाजीराव," ते म्हणाले. "बरं झालं आलात. आमची मुंबई इतकी वर्षं नुसती ऐकीव चालली होती."

आता अशा माणसाला चार शब्द कसे सुनावायचे? भिकाजी आत गेला. एका पेटीवर पट पसरला होता. इतका रंग अजून शाबूत असेल असं त्याला वाटलं नव्हतं. निळा समुद्र, तांबडी आगबोट, कोपऱ्यात टोपीवाला साहेब आणि पगडीवाला शेटजी हातात हात घालून उभे. जनीची सोंगटी कवडी, काकीची चिंचोका, मास्तरांची पोस्टाच्या जुन्या कोटाचं पितळी बटण. तिन्ही मुंबईच्या घरात एकमेकांना टेकून बसलेल्या. मास्तरांनी भिकाजीला एक काजूची बी दिली. त्यानं ती ठेवली, जरा बाजूलाच.

निघण्याआधी मुंबई सांगायची असते, मास्तरांनी समजावलं. आणि मुंबई नेहमी जनी सांगते. घरचा माणूस तिथं, म्हणून तो मान तिचा.

भिकाजीनं बायकोकडे बघितलं. जनीनं मुंबई बघितली कधी? ती पटाकडे बघत होती नि तिचे कान लाल झाले होते. आज नको, ती म्हणाली. आज दुसऱ्या कुणी सांगा.

मी सांगते, कमळाकाकी म्हणाली. आज ती चक्क जागी होती. वीस बाऱ्या ऐकलंय, पाठ झालंय, त्यात काय. आणि तिनं मांडी नीट घालून सांगायला सुरुवात केली, समोर कोण बसलाय याचा काही विचार न करता. कामावरून सुटला की भिकाजी आधी घरी जात नाही. हातपाय धुतो, पांढरा सदरा घालतो आणि धक्क्यावर येतो. तिथं एक चणेवाला आहे, त्याच्याकडून पुडी घेतो. अर्धे चणे खातो, अर्धे ठेवतो. खलाशांना विचारतो, कुठून आलात, तिकडं पाऊस काय म्हणतो. खोलीला त्याच्या खिडकी आहे समुद्राकडची, तिच्यातून रात्री बोटींचे दिवे मोजतो. मुंबईतला एकूण एक रस्ता त्याला ठाऊक. आम्ही गेलो की आम्हाला राणीच्या बागेत नेतो, पटावर छापलेल्या त्या ट्राममध्ये बसवतो. मग आमची बोट सुटते. तो धक्क्यावर उभा. राहिलेल्या अर्ध्या चण्यांची पुडी तो जनीच्या हातात देतो आणि दरवेळी एकच म्हणतो, सावकाश ये, मी आहे इथंच. आणि मग हात करतो. बोट दिसेनाशी होईपर्यंत हात खाली घेत नाही. "असा नवरा," काकी म्हणाली, "मी नाही बघितला कुठं."

भिकाजी ऐकत होता. आधी त्याला वाटलं, आपली थट्टा चाललीय. मग कळलं, थट्टा नाही. आणि मग त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, अशी की गुरुप्रसादवरचा राग त्यापुढं काहीच नव्हता. गुरुप्रसाद बिचारा काय, सुतळीनं चप्पल बांधणारा म्हातारा. पण हा कोण? हा पांढऱ्या सदऱ्याचा? हा वीस वर्षं आपल्या बायकोला चणे देतोय, तिला ट्राममध्ये बसवतोय, तिला हात करतोय. नाव आपलं, गाव आपलं, बायको आपली, आणि माणूस भलताच. त्याच्याशी भांडायचं तर कुठं जाऊन भांडायचं? धक्क्यावर?

"तो मी नव्हे, काकी," भिकाजी म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच मोठा वाटला. "मी धक्क्यावर कधी गेलोच नाही. छत्तीस वर्षांत समुद्र बघितला तो दोनदा, तोही ट्रकात पेट्यांवर बसून."

काकीनं जनीकडे बघितलं. मास्तर उठले नि पेला भरून आणायला आत गेले, आणि बराच वेळ आतच राहिले.

"ठाऊक आहे मला," जनी म्हणाली.

"ठाऊक आहे, तर मग हा कुणाला आणून उभा केलास तिथं?"

जनीनं अजून मान वर केली नव्हती. कवडीवर बोट ठेवून ती सांगत होती, हळू आणि सरळ. "थैली यायची. मास्तर पत्र द्यायचे. मी वाचायचे. त्यात तुम्ही नसायचात. मी पण नसायचे, मी बाकी मंडळींत. घडी घालून परत ठेवायचे. दर गणपतीला म्हटलं, कळवा. तुम्ही कळवलं नाहीत." मग तिनं त्याच्याकडे बघितलं. "निघताना हात करायला कुणीतरी हवं होतं ना मला?"

भिकाजीला राग यायला हवा होता, आणि येतही होता, पण तो कुणावर धरावा हे समजत नव्हतं. बाबल्यावर धरावा, तर बाबल्या जाऊन आठ वर्षं झाली होती.

मास्तर परत आले. खाकरले. नियम सगळ्यांना सारखा, ते शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले. भिकाजीराव, काकींनी सांगितली ती जनीची मुंबई झाली. तुमची तुम्ही सांगा, म्हणजे आपल्याला एकत्रच निघता येईल.

भिकाजीनं तोंड उघडलं. छत्तीस वर्षं. सांगायला माणसानं थांबूच नये. त्याच्या डोळ्यांपुढे पेट्या आल्या, पट्टी आली, पेटीवर ओढायची ती निळी पट्टी. गोदामाचं दार, वाटेवरचं गटार, खोलीचा जिना. हे काय सांगायचं? चणे आणि खिडकी आणि दिव्यांनंतर हे कुणाला ऐकवायचं? त्यानं तोंड मिटलं.

काकीनं चष्मा पुसला नि पटाच्या कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचून दाखवलं. 'ज्यास सांगतां न येईल त्यानें बंदरींच राहावें.' तिला त्यात वाईट काही वाटलं नाही. नियम आहे म्हणून वाचला.

मग बोट सुटली. मास्तरांनी भिंगरी फिरवली, तीन. काकीला दोन पडले. पितळी बटण आणि चिंचोका समुद्रात निघाले. जनीनं भिंगरी फिरवली. ती बराच वेळ गरगरत राहिली नि मग पाचावर पडली. मुंबईपासून पाचवं घर म्हणजे एडन. जनीनं कवडी उचलली. मुंबईच्या घरात काजूची बी एकटी राहिली.

भिकाजी त्या बीकडे बघत होता. इतकी वर्षं एस्टी सुटायची तेव्हा खिडकीतून तो मागं बघायचा. जनी थांब्यावर उभी असायची, एस्टी वळणाआड जाईपर्यंत. ती घरी परत जाताना काय करत असेल, असा विचार त्यानं कधी केला नव्हता. आज ती चालली होती आणि तो राहिला होता, आणि तो पांढऱ्या सदऱ्याचा निदान हात तरी करत होता. भिकाजीला तेसुद्धा जमेना.

एक, जनीनं कवडी टेकवली. दोन.

"खोलीत चाळीस खुंट्या होत्या," भिकाजी म्हणाला.

जनीचा हात तिसऱ्या घरावर होता.

"प्रत्येकाला एक. कपडे, पिशवी, छत्री, सगळं त्या एका खुंटीला. माझी दाराआडची, तिसरी." हे सांगण्यासारखं आहे का, हे त्याला अजून कळत नव्हतं. "ती भिंत पावसात ओल धरायची. सदरा चार महिने वाळायचा नाही. ओलाच घालून जायचो."

जनीनं कवडी खाली ठेवली नाही. ती हातातच धरून ती त्याच्याकडे बघत राहिली, तांदूळ निवडताना सुपात बघते तशी, बारीक नजरेनं.

"तिसरी डावीकडून का उजवीकडून?" तिनं विचारलं.

"अगो जने," कमळाकाकी म्हणाली, "बोट सुटली ना तुझी."

"सुटू दे," जनी म्हणाली.